शुक्राच्या जागी बसलेले बटण

मी एक जुने बटण आहे. शिंपल्याचे, दोन भोकांचे, कडेला टवका उडालेले. मित्रांनो, माझ्यासारखी बटणे तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. पण मी काही वर्षे शुक्र होते, आणि ते सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

पहिले घर

समुद्रातून एक शिंपला निघाला. त्यातून करवतीने गोल चकत्या कापल्या, त्यातली एक मी. मला घासले, भोके पाडली, पुठ्ठ्यावर शिवले. पुढे एका पांढऱ्या सदऱ्याच्या गळ्याशी बसून मी मिरवले. तो सदरा दुरुस्तीसाठी ताईच्या दुकानात आला, इस्त्रीखाली माझी कड उडाली आणि माझी रवानगी डब्यात झाली.

ताई म्हणजे शिवणाच्या दुकानाची मालकीण. लोक तिच्याकडे पँटची उंची कमी करायला येत. पण निम्मे जण पँटचे निमित्त करून प्रश्न विचारायला येत. ताई प्रश्नकुंडली मांडायची. ज्या क्षणी प्रश्न विचारला, त्या क्षणाचे आकाश. कापडाच्या टेबलावर खडूने बारा घरे आखायची, घड्याळ बघायची, ग्रहांचे कोष्टक उघडायची आणि ग्रह ठेवायची. ग्रह म्हणजे आम्ही, डब्यातली बटणे. सूर्य पितळेचा, मंगळ लाल, गुरू पिवळा, शनी कोटाचे काळे बटण. शुक्र मी.

"तुझा शनी त्या वकिलाच्या कोटाचा ना? मग माझ्या कामाला तारखाच पडणार," बँकेत काम करणारी एक बाई म्हणायची.

प्रेमाचा प्रश्न असला की ताई नियम समजावून सांगायची. विचारणाऱ्याचा ग्रह एक, ज्याच्याविषयी विचारले त्याचा दुसरा. प्रत्येक घराला मालक असतो. जो ग्रह दुसऱ्याच्या घरात जाऊन बसतो, त्याचा जीव त्या घराच्या मालकावर. मालकाचे मन कुठे आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्याने फक्त दार उघडलेले असते. तो स्वतः कोणाच्या घरात बसला आहे, ते वेगळे बघावे लागते. दोघे एकमेकांच्या घरात सापडले की ताई टेप उचलायची. "मापं देऊन जा. लग्नाचे कपडे दुसरीकडे टाकलेत तर बघा!"

असे क्वचितच व्हायचे.

सातवे घर

ताईची धाकटी बहीण दुकानात काज-बटणाचे काम करी. आईवडील गेल्यावर ताईनेच तिला वाढवले होते. समोरच्या दुकानात चष्म्याच्या काचा घासणारा एक तरुण होता. तो कायमचा आपल्या गावी, आईकडे निघाला होता. जाताना धाकटीला म्हणाला, "ये की एकदा आमच्याकडे." तेवढेच.

त्या संध्याकाळी दुकानात फक्त दोघी होत्या. ताई एका झग्याची खालची दुमड टाचत होती. तोंडात टाचण्या धरायची तिची सवय.

"ताई, एकच विचारते. हसायचं नाही. त्याचं माझ्यावर आहे का गं?"

ताईने मान हलवली, टाचण्या तशाच ओठांत धरून घरे आखली आणि आम्हाला ठेवले. त्या घडीला उगवणाऱ्या राशीचा मालक शुक्र, म्हणून विचारणारीचा, धाकटीचा ग्रह मी निघाले. मी सातव्या घरात, म्हणजे त्याच्या घरात, लाल मंगळाच्या. आणि मंगळ? तो चौथ्या घरात, घरदाराच्या आणि आईच्या. त्या घराचा मालक काळा शनी. माझ्या घराकडे मंगळाची पाठ होती.

धाकटी टेबलावर वाकली. इतकी वर्षे ऐकून ऐकून तिला अर्धेमुर्धे येत होते.

"हा शुक्र ना? म्हणजे मी? मी त्याच्या घरात! ताई, त्यानं मला घरात घेतलंय!"

मी टेबलावरून तिचा चेहरा पाहिला. मित्रांनो, माझ्यावर पडलेला उजेड मी परत फेकते, पण असा उजेड माझ्यावर कधी पडला नव्हता.

ताई म्हणाली, "उं."

धाकटीने तिला मागून मिठी मारली आणि पडद्याआड गाणे म्हणत निघून गेली. ताईने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. शेवटची बराच वेळ बोटांत धरली. मग हाताने खडू पुसला.

पाचवे घर

हे प्रेमाचे घर. धाकटीने विचारले त्या दिवशी तिथे कोणी नव्हते. खडूचा रिकामा चौकोन.

चौथे घर

धाकटीने निळे कापड आणले. त्या कापडाच्या झग्याच्या गळ्याशी तिने मलाच लावले, आणि आम्ही बसने त्याच्या गावी गेलो.

त्याच्या आईने दार उघडले. "ये, ये! याच्या दुकानासमोरची ना तू? हा सांगत असतो, दोघी बहिणी काय सुरेख शिवतात!" तो आतून आला, हसला, खुर्ची पुढे केली. चहा झाला, जेवण झाले. धुतलेली चादर घातली, नवा टॉवेल दिला. कुठे म्हणून काही कमी केले नाही.

सकाळी निघताना आई म्हणाली, "आता याच्या लग्नाला ये हं. ताईलाही आण. मुलगी इथलीच आहे, आमच्या पलीकडच्या गल्लीतली."

तो चपला शोधू लागला. चपला त्याच्या पायातच होत्या.

बसमध्ये धाकटी मला पिळत राहिली. शहर यायच्या आत दोरा तुटला आणि मी तिच्या मुठीत आले.

दुकानात तिने मला ताईसमोर ठेवले.

"पाहुणचार छान झाला."

ताईने मला उचलून भोकांत अडकलेला तुटका दोरा ओढून काढला.

"तुला त्या दिवशीच कळलं होतं?"

"हो."

"मग?"

"तोंडात टाचण्या होत्या गं."

"टाचण्या काढायला किती वेळ लागतो, ताई?"

"तू इतकी खुशीत होतीस... म्हटलं, उद्या सांगू."

"उद्या मी कापड आणलं. परवा तूच माझं माप घेतलंस. गळा कापलास तोही तूच." धाकटीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते.

तिसरे घर

धाकटी दुसऱ्या शहरात गणवेशाच्या कारखान्यात लागली. तिचा फोन येतो. "बरी आहे. जेवले. ठेवते." ताई गिऱ्हाइकांना सांगते, "आता मांडत नाही." आम्ही सगळी बटणे डब्यात धूळ खात पडलो. शनी तर एका गिऱ्हाइकाच्या कोटाला लागून निघूनही गेला.

एकदा मात्र पहाटे, दुकान उघडण्यापूर्वी, ताईने खडू घेतला. शनीच्या जागी तिने शिवताना बोटात घालायचे अंगुस्तान ठेवले. पुन्हा तीच रास उगवत होती, म्हणून मी विचारणारीचा ग्रह, म्हणजे ताईचा. तिने मला तिसऱ्या घरात ठेवले. ते धाकट्या भावंडांचे. त्याचा मालक पिवळा गुरू, म्हणजे इथे धाकटी. गुरू सहाव्यात, कामाच्या घरात, आणि ते घरही त्याचेच.

समोर कोणी नव्हते. तरी ताईने सगळे मोठ्याने वाचले, गिऱ्हाइकाला सांगते तसे.

"माझा जीव तिच्यापाशी. ती कामात आहे. स्वतःच्या घरात आहे, चांगली आहे." मग जरा थांबून, "तिला माझी गरज नाही."

तिने पुन्हा मोजून पाहिले. आम्ही होतो तिथेच होतो. मी टेबलावर पडून होते. मला सरकवणे तिला कठीण नव्हते. तिने सरकवले नाही.

मित्रांनो, मी शेवटी एक बटण. मला जिथे ठेवतात तिथे मी बसते. तुमचे तसे नाही. तुमच्या माणसाचा चेहरा चुकीच्या आशेने फुलला, तर त्याच घडीला त्याचा हात धरा आणि खरे ते सांगा. ते रडेल, तुमच्यावर रागावेल. पण रडायला तुमच्याच घरात बसेल.

बाहेर उजाडले. ताईने दार उघडले आणि दुकान झाडायला घेतले.