न दिसणारा रफू

शिवणकाकूंच्या घरातून फाटका कपडा कधी बाहेर पडला नव्हता. दारातलं पायपुसणंसुद्धा काठ दुमडून, टीप मारूनच दारात पडायचं. तेव्हा नवऱ्याचा तुरुंगातला सदरा संग्रहालयात, काचेच्या कपाटात, साऱ्या गावासमोर टांगला जाणार म्हटल्यावर त्यांचे हात शिवशिवले, यात त्यांचा तरी काय दोष?

नवऱ्याला गल्लीत सगळे 'रेडिओ' म्हणत. सकाळी दूधवाल्यापाशी सुरू झाला की बंद करायचं बटणच सापडायचं नाही. फक्त एक केंद्र त्यावर कधी लागत नसे. लग्नाआधी छापखान्यात असताना त्याने संपाची पत्रकं छापली म्हणून त्याला उचलून नेलं होतं. ना खटला, ना निकाल. थेट खाणीवर दगड फोडायला. काकूंनी कधी विचारलंच तर तो म्हणायचा, "हवा छान होती गं तिथली," आणि तासभर शेजाऱ्याच्या स्कूटरवर बोलत बसायचा.

आता त्याच खाणीवरच्या बराकीत संग्रहालय उघडणार होतं. तुरुंग बंद करताना साहेबलोकांनी कैद्यांचे कपडे जाळून टाकले होते, आणि आता काही मोठी माणसं खुशाल सांगत होती की इथे तुरुंग नव्हताच, मजुरांची वसाहत होती. राहिला होता तो हा एकच सदरा. सुटताना रेडिओने कोटाखाली घालून आणलेला.

संग्रहालयाच्या बाईंनी पांढरे हातमोजे चढवून काकूंनी आणलेलं पुडकं सोडलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काकू, हा... धुतला?"

"दोन पाण्यांतून काढला. इस्त्रीपण केली." काकू खुशीत होत्या. "आणि रफू शोधून दाखवा बरं! भल्याभल्यांना सापडत नाही माझा."

बाईंनी डोक्यालाच हात लावला. "अहो काकू, हे बघून ती माणसं काय म्हणतील? बघा, आम्ही मजुरांना किती छान कपडे द्यायचो! आमच्याच कपाटात त्यांचा पुरावा टांगायचा का?"

काकूंनी जीभ चावली. नवऱ्याने इतक्या वर्षांनी जीव घट्ट करून एक वस्तू बाहेर काढली, आणि आपण तिला नीटनेटकं करून तिचं तोंडच शिवून टाकलं!

"उसवते की," त्या म्हणाल्या. "कात्री द्या. त्यात काय मोठंसं?"

पण सदरा उजेडात धरला, उलटा केला, चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला. रफू काही सापडेना. स्वतःच्या कौतुकात काकू स्वतःच अडकल्या होत्या.

"हाक मारा त्यांना," त्या शेवटी पुटपुटल्या. "फाटकापाशी पहारेकऱ्याचं डोकं खात असतील."

रेडिओ आला, त्याने सगळं ऐकलं आणि तो पोट धरून हसला. "आयुष्यभर माझ्या चुका बरोब्बर सापडल्या, आणि स्वतःचा टाका सापडेना?"

"हसा, हसा! आणि कुठे फाटलं होतं ते सांगा."

त्याने डोळे मिटले आणि कापडावरून बोट फिरवलं. कोपरावर ते थांबलं. "इथे. पाटी डोक्यावर घेताना दगड घासायचा."

काकूंनी कात्रीचं टोक घातलं. टाका होता तिथेच.

"ही बाही मी फाडली. शेजारी झोपायचा त्याच्या पायाला चिंधी हवी होती. भलता घोरायचा. तो गेला त्या रात्री शांततेमुळे मला जाग आली."

काकू उसवत राहिल्या. उसवलेल्या शिवणीतून पांढरी दगडाची भुकटी टेबलावर सांडली. दोन पाण्यांतूनही ती निघाली नव्हती. बाईंनी ती हलक्या हाताने कागदावर घेतली.

"तुमचा साबण हरला, काकू," बाई म्हणाल्या. काकूंचा जीव भांड्यात पडला.

मग बोट पाठीवर गेलं. रेडिओने ते तिथे दोनदा पुढेमागे फिरवलं. मग म्हणाला, "इथे पट्टा. रोज दगड कमी भरायचे माझे."

काकूंनी कात्री खाली ठेवली.

"हे मी उसवणार नाही."

"अगं, पुरावा आहे तो."

"असू दे. बाकीचा सदरा तुमच्या पुराव्याला. एवढी पाठ माझी."

रेडिओने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मोजे काढून डोळे पुसले आणि पेन घेतलं. "लिहूया तसंच. पाठीवर पट्ट्याच्या मारानं फाटलेलं. पुढे पत्नीनं रफू केलं, उसवायला नकार दिला."

"नुसतं रफू नका लिहू," काकू म्हणाल्या. "न दिसणारा रफू लिहा."

उद्‌घाटनाच्या दिवशी लोक काचेला नाक लावून पाठीवरचा तो रफू शोधत होते. कुणालाच सापडत नव्हता. मग बाजूला उभा असलेला रेडिओ पुढे व्हायचा, काचेवर बोट ठेवून म्हणायचा, "इथे," आणि ते बंद केंद्र सुरू व्हायचं.

काकू मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. मधेच त्यांचं लक्ष त्याच्या अंगातल्या नव्या सदऱ्याकडे गेलं. कॉलरचं बटण लोंबत होतं. पर्समध्ये सुईदोरा होताच, पण तो बोलत होता तोवर त्या जागच्या हलल्या नाहीत.