महाराजांच्या परातीतली कावीळ

शनिवारी भय्याजी महाराजांच्या दारात पाय ठेवायला जागा नसे. रोग्याच्या हातांना महाराज कसलासा रस चोळत, वर ‘मंतरलेलं’ पाणी ओतत आणि खालच्या परातीत ते पिवळंधमक उतरे. “पाहा, निघाली कावीळ! देवीनं ओढून काढली!” महाराज गर्जत, बाया हात जोडत. १९८१च्या भादव्यात लाखनीजवळच्या त्या गावात घरोघर कावीळ होती, त्यामुळे देवीला उसंत नव्हती.

चंद्रकलेचा हा तिसरा शनिवार. सातवा महिना, डोळे पिवळे, पोटात अन्न ठरत नव्हतं. परात दोनदा पिवळी झाली तरी ती खंगतच चालली होती. दवाखान्याचं नाव काढलं की सासू बायजाबाई उसळायच्या, “सुई टोचली का कावीळ उलटते! महाराजानं बजावलं आहे.” नवरा तुमसरच्या राइस मिलवर. एकटीनं भंडाऱ्याच्या दवाखान्यात जायचं तर अंगात त्राण नाही, आणि घरात सुनेचं ऐकतो कोण? पोटातलं लेकरू जगेल की नाही, या भीतीनं तिचा जीव टांगणीला लागला होता.

नर्सबाई दुर्गाबाई दारोदार सांगून थकल्या होत्या, “पाणी उकळून प्या. गरोदर बाईले कावीळ झाली तं तडक दवाखान्यात न्या.” बाया माना डोलवत आणि महाराजांकडे जात. आज दुर्गाबाई स्वतःच तिथे येऊन उभ्या होत्या.

महाराजांनी चंद्रकलेच्या हातांना रस चोळला. तुरट वास आला आणि ती चमकली. आधी दोनदा उदाच्या धुरात तिला काही सुचलंच नव्हतं. पवनीला तिच्या माहेरी हातमाग होते, सूत घरीच रंगवत. हा वास तिच्या ओळखीचा होता.

“महाराज,” ती शेजारी उभ्या सासूकडे पाहत काकुळतीनं म्हणाली, “आत्याबाईले माह्यापासून लागली असन तं? त्याईचेही हात धुऊन द्या ना.”

गर्दीसमोर महाराज नाही कसे म्हणणार? बायजाबाईंच्या हातांखालीही परात पिवळी झाली.

“माय वं! मले तं काहीच होऊन नाही राहिलं!”

“लपून बसली होती!” महाराज म्हणाले.

“आता तुमचे हात,” चंद्रकला म्हणाली.

महाराजांनी हात मागे घेतले. दुर्गाबाईंनी मंतरलेल्या पाण्याचा तांब्या उचलला आणि रसानं माखलेल्या त्या हातांवर रिकामा केला. धार पिवळीच!

“अरे, महाराजालेच कावीळ!” कोणीतरी ओरडलं. महाराजांना एकाएकी पूजेची वेळ आठवली आणि ते आत पळाले.

“हा आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आहे, अन् पाणी चुन्याचं,” चंद्रकला म्हणाली. “माह्या माहेरी सूत असंच रंगवतेत, दोन्ही मिळालं का पिवळा रंग येते. माह्या अंगातून काहीच निघून नाही राहिलं, आत्याबाई.”

बायजाबाईंनी सुनेचा हात धरला. “दोन शनिवार गेले वं बाई.”

“गेले,” दुर्गाबाई म्हणाल्या. “आता तिसरा कायले घालवता?”

बायजाबाई स्वतःच गाडी जुंपायला सांगायला धावल्या.

वाचकहो, असा चमत्कार दिसला तर आधी एखाद्या धडधाकट माणसाचे हात धुऊन पाहा. पण घरातली गरोदर बाई पिवळी दिसली, तर तेवढाही वेळ घालवू नका. तिला गाडीत बसवा.