डावीकडची खुर्ची

नजीयाची मान अकरा वर्षं डावीकडे वळलेली होती. ती स्वतः वळवत नसे. मानेचे स्नायू आपल्याच मनाने आकसत आणि हनुवटी खांद्याकडे ओढून नेत. म्हणून ट्यूनिशियातल्या स्फाक्स शहरातल्या त्यांच्या घरात तिच्या नवऱ्याची, हादीची, खुर्ची टेबलाच्या डाव्या बाजूला आली. तिथे तो तिला नीट दिसे. सूप प्यायची वेळ झाली की तो दोन बोटं तिच्या हनुवटीला टेकवी. दाबायचं नाही, ढकलायचं नाही. तेवढ्या स्पर्शाने घोट घशाखाली उतरेपर्यंत मान सरळ राही.

हादी जाऊन दोन वर्षं झाली. तिने स्वतःची बोटं लावून पाहिली; त्यांना मान फारशी दाद देईना. त्याचा राखाडी मफलर हनुवटीखालून घट्ट गुंडाळला, की मात्र तासभर निभे. बाहेर जाताना ती तो गुंडाळू लागली. शेजारीण मबरूका भिंतीपलीकडून चेष्टा करी, तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी तुझ्या डाव्या अंगाला येऊन उभं राहायचं, वळण घेणाऱ्या बससारखं. नजीया हसे. मबरूका गेली की दिवसभर तिच्याशी बोलायला दुसरं कुणी नसे.

जानेवारीत ट्यूनिसला तिच्या मेंदूत दोन बारीक तारा बसवल्या, आणि छातीत कातडीखाली त्यांना वीज पुरवणारं काडेपेटीएवढं यंत्र. फरक पडायला महिने लागतील, दर भेटीत मान पाहून वीज बेताने वाढवू, असं डॉक्टर रौधाने सांगितलं होतं. पहिल्या भेटीला नजीया सवयीने मफलर गुंडाळून गेली. डॉक्टरने सरळ मान पाहिली आणि वीज होती तेवढीच ठेवली. घरी येऊन मफलर काढला, तर मान पुन्हा त्या खुर्चीकडे. तेव्हा आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या भेटीला मात्र ती जाणूनबुजून मफलर गुंडाळून गेली.

तिसरी भेट जूनमध्ये होती. खोलीतला पंखा गरम हवाच फिरवत होता.

"मावशी, मफलर," डॉक्टर म्हणाली.

"मला थंडी वाजते."

"जून आहे. माझा शर्ट पाठीला चिकटलाय." डॉक्टरने हातातली नोंदवही मिटली. "यंत्र बसवायला डोक्याला दोन भोकं पाडून घेतलीत, आणि माझ्यापासून मानच लपवता?"

नजीयाने मफलर हनुवटीखाली आणखी घट्ट ओढला. मग म्हणाली, "त्या बाजूला माझा नवरा बसायचा. मान सरळ झाली तर तिकडे बघायचं राहूनच जाईल."

डॉक्टरने नोंदवही बाजूला ठेवली. मग म्हणाली, "सरळ मान वळवताही येते, मावशी. आत्ता तुम्ही वळवत नाही. ती वळते."

नजीयाने मफलर सोडला आणि घडी करून मांडीवर ठेवला. मान सावकाश डावीकडे गेली. डॉक्टर ती जाताना पाहत राहिली, आणि तिने वीज वाढवली.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी नजीया सूप घेऊन टेबलाशी बसली, तेव्हा तिच्यासमोर भिंत होती. भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर लटकत होतं. खुर्ची दिसत नव्हती. ती वाट पाहत बसली. मान जागची हलली नाही. मग तिने स्वतःच मान डावीकडे वळवली. खुर्ची तिथेच होती, रिकामी. इतकी वर्षं नजर आपोआप तिकडे जायची. आज ती मुद्दाम पाहायला गेली होती, आणि तिथे कुणी नव्हतं.

तिने उठून खुर्ची उचलली, टेबलाच्या पलीकडे आपल्या समोर आणून ठेवली, आणि पुन्हा बसली. सूप थोडं निवलं होतं. वाडगा रिकामा होईपर्यंत तिच्या हनुवटीला कुणाचंही बोट लागलं नाही.