मागच्या भिंतीवरचा वेल

"आज राहू दे गं. लोक बघतायत," म्हणत सरांनी हात खिशात घातला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

हा त्या दोघा वास्तुरचनाकारांचा, गुरू-शिष्येचा, वर्षानुवर्षांचा रिवाज होता. इमारत पुरी झाली की टळटळीत दुपारी पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावायचा. भिंत तापली नसली तर काम पास. "नकाशा थापा मारतो, भिंत नाही मारत," हे सरांनीच तिला शिकवलं होतं. तिची आई वैतागून म्हणायची, "तुझे सर म्हणजे ब्रह्मवाक्य! आम्ही आपले आहोतच बोंबलायला."

या इमारतीत तर तिचा जीव अडकला होता. वर्षभरात लागेल तेवढी वीज छतावरच्या सौर पट्ट्यांनीच तयार करायची, बाहेरून काडीचीही मदत नाही. त्यासाठी खोल छज्जे, उघडणाऱ्या खिडक्या आणि साधे पंखे. एसी कुठेच नाही. मालक चिडले होते, "पाहुण्यांना घाम फुटला तर तुम्ही वारा घालणार का?" सर हसून म्हणाले होते, "तिच्यावर सोडा. पोरगी हट्टी आहे, पण खोटं करायची नाही." त्या एका वाक्यावर तिने महिनोन्‌महिने ढोरमेहनत केली.

आज उद्घाटन होतं. दारातल्या फलकावर विजेच्या वापराचे आणि निर्मितीचे आकडे कसे सख्ख्या भावांसारखे शेजारी बसले होते. ती कौतुकाने मालकांच्या मजल्यावर गेली आणि दारातच थबकली. आत शाल पांघरावी इतका गारवा होता. पंख्यांनी असा गारवा येत नाही.

ती तडक इमारतीच्या मागे गेली. तिथल्या जाळीवर तिने स्वतः निवडलेला वेल चढवला होता. अगदी शेवटी सर म्हणाले होते, "मागची बाजू बोडकी दिसते गं, काहीतरी हिरवं कर." तिने हौसेने केलं होतं. आता मधली पानं करपून तपकिरी झाली होती. तिने हात पुढे केला तर जाळीतून भट्टीसारखी झळ आली. पानं बाजूला सारली. मागे एसीची चार धुडं घरघरत होती आणि त्यांची जाड वायर कुंपणावरून मालकांच्याच शेजारच्या गोदामात गेली होती. वीज तिकडची, गारवा इकडे. फलकाला पत्ताच नाही.

"तू इथे होय! आत तुझी वाट बघतायत," मागून सर आले. वेल बाजूला झालेला पाहून ते जागीच थांबले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मालक ऐकेनात. काम हातचं गेलं असतं."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं, तर तू हा वेल चढवून दिला असतास?"

तिला रडू आलं नाही, रागच आला. तिचा खरेपणा त्यांना पुरता ठाऊक होता, आणि त्याच खरेपणाचा त्यांनी पडदा शिवला होता, तोही तिच्याच हातून.

आत तिच्या हातात माइक आला. "ही इमारत आपली वीज आपणच कमावते, हे आता यांच्याच तोंडून ऐकू या," निवेदक म्हणाला. सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी हलकेच मान हलवली, नको म्हणून.

"नाही कमावत," ती म्हणाली. "का, ते मागच्या भिंतीपाशी कळेल. चला माझ्याबरोबर."

मालक ओरडत राहिले, पण लोक तमाशा सोडतात होय? सगळे मागे आले. तिने करपलेला वेल दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि एकेकाने जाळीपाशी तळहात नेऊन पाहिला. जो तो चटकन हात मागे घेत होता. शेवटी एकटे सर उरले.

"सर, या ना," ती म्हणाली.

ते तिथेच उभे राहिले. हात खिशातच होता.