खिळ्यांची भिंत

जावयाला चार शब्द सुनवायचे तर तोंडात आधी 'अहो' येतं, आणि 'अहो' म्हटलं की निम्मा राग तिथेच विझतो. सासूबाईंचं नेमकं हेच दुखणं होतं. पोटचा मुलगा असता तर कान पिळून मोकळ्या झाल्या असत्या.

सहा महिन्यांत जावईबापूंनी सासूबाईंच्या रंगाच्या ब्रशच्या कारखान्याचे सात रोडमॅप केले होते. पहिला फळ्यावर, मधले संगणकात, आणि हा सातवा थेट भिंतीवर. पाच वर्षांच्या पाच रांगा आणि त्यांत पिवळ्या, गुलाबी, हिरव्या चिठ्ठ्या. पंखा लावला की दुसरं वर्ष उडून चौथ्यात जाऊन बसे.

आणि भिंत तरी कुठली निवडली? खिळ्यांची! परत आलेला प्रत्येक ब्रश सासूबाई वीस वर्षं त्या भिंतीवर टांगत आल्या होत्या. केस गळणारे पहिल्या खिळ्याला, दांडा हलणारे दुसऱ्याला, पत्रा गंजलेले तिसऱ्याला. तिसरीत शाळा सुटलेली बाई, वहीशी कधी पटलंच नाही. जो खिळा जड, ते काम आधी, एवढाच हिशेब. गेल्या आठवड्यात त्या धाकट्या लेकीकडे गेल्या होत्या, तेवढ्यात जावईबापूंनी खिळे उपटले, ब्रश पोत्यात कोंबले आणि पोतं भंगारात टाकलं.

"आई, भिंत मोकळी हवी. माणसाचं लक्ष भविष्याकडे गेलं पाहिजे."

"तुमचं गेलंय तेवढं पुरे आहे हो," त्या पुटपुटल्या होत्या.

आज रंगकामाचा ठेकेदार आला. निम्मा माल एकटा उचलायचा. पुढच्या वर्षाची मागणी तो आज पक्की करणार होता, नाहीतर कायमची तोडणार होता.

जावईबापू छडी घेऊन उभे राहिले. "पहिल्या वर्षी उत्पादन दुप्पट. ते तर आत्ताच साधलंय! दुसऱ्या वर्षी रोलर..."

"रोलर काढलेत तर मी घेईन," ठेकेदार म्हणाला. सासूबाईंना ते टोचलं. रोलरचं नाव त्यांनी वर्षभर कुणाला काढू दिलं नव्हतं. "पण मावशी, माझे ब्रश कुठायत? दर वर्षी येतो, खिळ्यावर बघतो, आणि काय दुरुस्त केलं ते तुम्ही सांगता. या खेपेला एकवीस परत धाडले. भिंतीला दाढी फुटते हो त्यांनी!"

जावईबापूंनी लगबगीने चिठ्ठी शोधली. "आहे ना! गुणवत्ता सुधारणा. तिसरं वर्ष, अगदी सुरुवातीलाच."

"तोवर मी केस उपटत बसू?" ठेकेदाराने गाडीच्या चाव्या उचलल्या.

"बसा जरा," म्हणत सासूबाई उठल्या. भंगारातून पोतं ओढत आणलं, टेबलावर पालथं केलं. ठेकेदाराच्या एका ब्रशचे केस धरून ओढले. झुबकाच हातात आला. बुडाला बोट लावलं, तर गोंद अजून चिकट. त्यांनी वळून ब्रश वाळवायच्या घोड्यांकडे पाहिलं. भर दुपारी घोड्या रिकाम्या.

"अहो, आज केस भरलेले ब्रश कुठायत? उद्यापर्यंत वाळायला हवेत ना ते?"

"आता सकाळचे दुपारीच उतरवून घोड्या दिवसातून दोनदा भरतो आई, म्हणूनच तर दुप्पट..." जावईबापूंची नजर रिकाम्या घोड्यांवर गेली. छडी हळूच खाली आली.

ठेकेदार हसला नाही. "महिना थांबतो, मावशी. शंभर ब्रश द्या. त्यातल्या एकाचाही केस गळला, तर पुन्हा ही पायरी चढणार नाही."

तो गेल्यावर जावईबापू चिठ्ठ्या काढू लागले. सासूबाईंनी हात वर केला.

"थांबा. रोलरची ती हिरवी ठेवा, ती बरोबर आहे. तिथे माझाच हट्ट आडवा येत होता. बाकीची वर्षं उतरवा आणि खिळे पुन्हा ठोका, तुमच्याच हाताने. आणि ऐका जावईबापू, 'अहो' म्हणूनच सांगते. शंभर ब्रश होईपर्यंत तुम्ही त्या घोड्यांपाशी बसायचं आणि एकेकाचे केस ओढून बघायचे. महिन्याने पहिला खिळा रिकामा दिसला, तर आठवा रोडमॅप करा, चिठ्ठ्या मी चिकटवीन. आणि त्यावर ब्रश लटकलेला दिसला, तर त्याच खिळ्याला तुमच्या टेबलाची किल्ली टांगा आणि दुसरीकडे काम बघा!"