कवटीचा ड्रम

दादाने मऊ फडक्याने रेकॉर्ड पुसली, सुई अलगद टेकवली आणि रिकामं कव्हर धाकट्या भावाच्या हातात दिलं. कव्हरावर कवटीचं चित्र होतं, म्हणून दोघांच्या भाषेत त्या अल्बमचं नाव कवटी. दुसऱ्याचं भट्टी. हेवी मेटलच्या या दोन जुन्या अल्बमांत कुणाचे ड्रम सरस, हा वाद दोघांची डोकी पिकली तरी मिटला नव्हता. रविवारी तो नव्याने उकरून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

धाकटा समोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसला.

"हा ऐक, याला म्हणतात ड्रम," तो म्हणाला. "कोरडा, ठणठणीत. सतरंजी झोडपल्यासारखा. नाहीतर तुझी भट्टी! विहिरीत बसून बडवल्यासारखं नुसतं घुमतं."

दादा तोंड उघडणार तोच थबकला. खोलीत ड्रम घुमत होता. प्रत्येक ठोका लांबच्या भिंतीवर आपटून परत येत होता. त्याने वाकून फिरत्या रेकॉर्डचं लेबल पाहिलं. भट्टी. मागच्या खेपेला ठेवताना कव्हरांची अदलाबदल झाली होती, दुसरं काय.

त्याला आधी हसूच आलं. मोठा आला जाणकार! आता याला चांगला कात्रीत पकडू, म्हणून तो वळला. धाकटा मान डोलवत होता. पायाने त्याने ताल धरला होता आणि तो ताल कवटीचा होता, अगदी बिनचूक.

दादाचं हसू ओठांवरच विरलं. आता त्याला एकेक आठवू लागलं. धाकट्याने दुकानाच्या काउंटरवरून गोदामात बदली मागून घेतली होती. फोन तर तो उचलतच नसे. "मोठा साहेब झालास का रे?" म्हणून दादाने त्याला किती चिडवलं होतं.

लहानपणी गॅरेजमध्ये दादा ड्रम वाजवायचा, तेव्हा हा झांजांना अगदी खेटून बसायचा. आईने त्याच्या कानांत कापसाचे बोळे घातले की दादाच ते उपसून फेकायचा. "कापूस घालून काय कपाळ ऐकणार?" एकुलता एक श्रोता, आणि तोही कान बंद करून बसलेला, हे त्याला खपत नसे.

काहीतरी शोधायचं निमित्त करून दादा रेकॉर्डच्या कपाटाकडे वळला.

"माझ्यामुळे झालं रे," तो पुटपुटला. तोंडावर बोलायची छाती नव्हती. पाठ फिरवली की भावाला काही कळणार नाही, हे आता त्याला ठाऊक झालं होतं आणि त्याचाच फायदा घेताना त्याला स्वतःची लाज वाटली. "बोळे मीच काढायचो. माफ कर मला."

दादाने मान वर केली. कपाटाच्या काचेत धाकटा दिसत होता. त्याचा पाय थांबला होता आणि उघड्या डोळ्यांनी तो काचेतल्या दादाच्या ओठांकडे पाहत होता.

"बोळे तू काढायचास," धाकटा म्हणाला, "पण रोज येऊन बसायचो मीच ना?"

दादाला वळवेना.

धाकट्याने मांडीवरचं कव्हर उलटसुलट करून पाहिलं.

"ते जाऊ दे. आता खरं सांग, लावली कुठली होतीस?"

दादाने डोळे पुसले. खुर्ची ओढून तो त्याच्या पुढ्यात बसला आणि ओठ नीट हलवत म्हणाला, "भट्टी."