लुवुयोच्या डिकीतली वायर

रस्टेनबर्गच्या खाणीत मरण पावलेल्या लुवुयोला त्याच्याच गाडीनं गावी न्यायचं ठरलं. शवपेटी मागच्या ट्रेलरवर चढवली, पण ट्रेलरचे दिवे लागेनात. त्याचा बाप म्न्सेदिसी ते गाडीच्या मागच्या दिव्यांना जोडी, की फ्यूज उडे.

"दाजी, एवढा भार ती वायर कुठून सोसणार?" मेहुणा झोलानी म्हणाला. "रिले आहे माझ्याकडे, तो बसवला की दिव्यांचा भार या वायरवर येणार नाही. पण त्याला थेट बॅटरीपासून जाड वायर हवी, आणि रविवारी दुकान कुठलं उघडं?"

म्न्सेदिसीनं डिकी उघडली. आत पोराचा भलामोठा स्पीकर होता आणि त्याच्यासाठी बॅटरीपासून ओढलेली जाड, लाल वायर. गेल्या नाताळात याच स्पीकरच्या आवाजावरून त्यानं पोराला गावासमोर झापलं होतं. "बंद कर ते, मेल्या!" लुवुयोनं हसत आवाज आणखी वाढवला होता.

म्न्सेदिसीनं वायर सोडवली. झोलानीनं ती रिलेला जोडली.

"लागले, दाजी!"

म्न्सेदिसी पेटीजवळ गेला. रिवाजाप्रमाणे, मृताचा आत्मा मागे राहू नये म्हणून त्याला घरापर्यंतची वाट सांगायची होती. "लुवुयो, चल, घरी जायचंय," तो म्हणाला. पुढचं त्याच्या तोंडून फुटेना. मग उरलेली वाट झोलानीनंच सांगितली आणि गाडीही त्यानंच चालवली.